परवानगी, नकार आणि मौन : घर बांधण्याच्या मुदतीचा इतिहास (थ्रेड)

घाटंजीत दीड हजार चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधू पाहणारा माणूस नगर परिषदेत अर्ज देतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: किती दिवस? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात शहरागणिक बदलते. त्याची मुळे १८८८ पर्यंत जातात.

त्या वर्षीच्या मुंबई महानगरपालिका कायद्याने बांधकामाची आगाऊ सूचना देणे बंधनकारक केले. आयुक्तांनी ३० दिवसांत नापसंती कळवली नाही, तर मालकाने काम सुरू करावे, अशी ही रचना होती. म्हणजे मुळात परवानगी मागायचीच नव्हती. नकाराची वाट पाहायची होती! मुंबईच्या बांधकाम व्यवसायात ‘आयओडी’ म्हणून ओळखला जाणारा कागद याच कायद्याच्या कलम ३४६ मधून आला. नावाने ती नापसंतीची सूचना. प्रत्यक्षात ‘या अटी पाळल्यास मान्य’ असा होकार.

घाटंजीचा प्रवास निराळा. वऱ्हाड पुढे मध्य प्रांताच्या प्रशासनात आले आणि तेथील नगरपालिकांसाठी १९२२ चा स्वतंत्र कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने राज्यभर एकच घड्याळ लावले: ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानावे. मुंबईला मात्र हा कायदा जुन्याच्या जागी नव्हे, जुन्याच्या जोडीला मिळाला.

ही ‘मानीव परवानगी’ वाटते तितकी उदार नाही. कार्यालयाने त्रुटी काढली, की ६० दिवस अर्जदाराच्या उत्तरापासून नव्याने मोजले जातात. शिवाय नकाशा नियमांत बसत नसेल, तर मौनाच्या आधारे उभे राहिलेले घर अनधिकृतच ठरते. भिंती उभ्या राहिल्यावर हे कळणे फार महागात पडते.

दरम्यान जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभता अहवालांत बांधकाम परवानग्यांबाबत भारताचा क्रमांक दोन वर्षांत १८१ वरून २७ वर आला. मोजमाप मात्र मुंबई आणि दिल्लीचे होते, तेही गोदामाच्या बांधकामाचे. आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला.

घाटंजीच्या घरमालकासाठी खरा बदल डिसेंबर २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने आणला. ती मुंबईला लागू नाही. नगर परिषदांना आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६१४ चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर, परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा आणि मालकीची कागदपत्रे दाखल करून शुल्क भरले, की ती पावतीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवस. दीड हजार फुटांचा भूखंड पहिल्या गटात बसतो. मात्र सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असेल, तर वारस नोंद होईपर्यंतचे दिवस या मुदतीत कोठेच मोजले जात नाहीत.