निचरा आणि जमिनीचा ऱ्हास : पूर्व इंग्लंडमधील फेन प्रदेशाचा ऐतिहासिक विचार

शेतजमिनीच्या निचऱ्याची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने कालव्यांच्या लाभक्षेत्रातील पाणथळ व चोपण जमिनींच्या संदर्भात होते. तेथे निचरा हा रोगावरील उपाय असतो. त्यामुळे निचरा स्वतःही जमिनीचे स्वरूप पालटतो आणि हे पालटणे नेहमीच हितकारक नसते, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार फेन प्रदेशाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वॉश या आखाताभोवती पसरलेला हा सखल दलदलीचा प्रदेश. समुद्राकडील भागात गाळाची जमीन, तर आतल्या भागात पीट, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे हजारो वर्षे साचलेले थर. मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार, लव्हाळ्यांची कापणी आणि उन्हाळ्यातील सामायिक चराई यांवर येथील लोक जगत. ही जमीन पडीक होती, असे निचऱ्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. तीवर जगणाऱ्यांचे तसे नव्हते. 1630 च्या दशकात बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल याने भागीदार भांडवलदारांसह निचऱ्याचे काम हाती घेतले आणि डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडेन याने त्याची आखणी केली. 1637 मध्ये सुमारे 33 किलोमीटर लांबीचा सरळ कालवा, ओल्ड बेडफर्ड रिव्हर, पूर्ण झाला. यादवी युद्धानंतर 1651 मध्ये त्याला समांतर दुसरा. दुसऱ्या टप्प्यावर डनबारच्या लढाईतील स्कॉटिश युद्धकैदी राबले. सामायिक हक्क गमावलेल्या स्थानिकांनी बांध फोडले, दंगे केले. तथापि काम थांबले नाही.

इतिहासग्रंथांत हा विजय म्हणून नोंदला गेला. जमिनीच्या दृष्टीने मात्र येथून एका वेगळ्याच प्रक्रियेस प्रारंभ झाला. ओल्या पीटमध्ये पाण्याचाच भाग फार मोठा असतो. पाणी काढून घेताच त्याचा आधार जातो व थर स्वतःच्या भाराने दबतात. पुढे कोरड्या थरात हवा शिरते, सूक्ष्मजीव कार्यप्रवण होतात आणि शतकानुशतके न कुजलेले सेंद्रिय द्रव्य कर्बवायूच्या रूपाने हवेत जाते. दबणे कालांतराने मंदावते. कुजणे मात्र जमीन कोरडी आहे तोवर चालूच राहते.

परिणामी शेते खचत गेली. गाळाच्या तळावरून वाहणाऱ्या नद्या तेवढ्या खचल्या नाहीत, म्हणून त्या शेतांच्या वर राहिल्या. पाणी आपोआप नदीत जाईना, तेव्हा पवनचक्क्या आल्या. त्यांनी पाणी उपसले, जमीन आणखी खचली, पवनचक्क्या अपुऱ्या पडल्या; एकोणिसाव्या शतकात वाफेची यंत्रे आली आणि तेच चक्र पुन्हा फिरले. प्रत्येक नवे यंत्र आधीच्या यंत्राने निर्माण केलेल्या प्रश्नाचे उत्तर होते.

या प्रक्रियेचे मोजमाप आपल्याला लाभले ते व्हिटलसी मिअर या विस्तीर्ण तलावाच्या निचऱ्यामुळे. 1851 मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलेला ॲपोल्डचा केंद्रोत्सारी पंप येथे वापरण्यात आला. विल्यम वेल्स या जमीनमालकाला जमीन खचणार याची कल्पना होती. तलावालगतच्या होम फेनमध्ये पीटखालील चिकणमातीत एक खांब रोवून त्याचा माथा जमिनीशी समपातळीत ठेवण्यात आला. मूळच्या ओकच्या खांबाच्या जागी लवकरच ओतीव लोखंडाचा स्तंभ आला. तो क्रिस्टल पॅलेसमधील असल्याचे सांगितले जाते. 1978 पर्यंत त्याच्याभोवतीची जमीन 3.9 मीटर खाली गेली होती. खचण्याचा वेग पहिल्या दशकात सर्वाधिक होता. आज माणसाच्या दुप्पट उंचीचा हा स्तंभ बर्चच्या वनात उभा आहे आणि तेथील जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे.

नांगरटीखालील शेतांत वाऱ्याचीही भर पडली. वसंतातील वादळे पीटची काळी भुकटी बियाण्यासकट उडवून नेत. शेतकऱ्यांनी चर खणून खालची चिकणमाती वर आणली व पीटमध्ये मिसळली. हा उपाय बराच उपयुक्त ठरला. पृष्ठभाग खाली जाऊ लागला तसे प्राचीन ओकचे बुंधे नांगराला अडू लागले. प्राचीन प्रवाहांचे गाळाने भरलेले मार्ग तर भोवतालचे पीट खचल्याने उंचवट्यांसारखे वर आले. स्थानिक भाषेत त्यांना रॉडन म्हणतात. एके काळी जे प्रदेशातील सर्वांत सखल होते, तेच आज उंच आहे!

एच. सी. डार्बी यांचा 1940 मधील ‘द ड्रेनिंग ऑफ द फेन्स’ हा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. पीट खचण्याची दखल त्यांनी घेतली आहे. परंतु त्यांच्या कथनाचा कणा कालवे, कायदे आणि यंत्रे हाच आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासाची कालगणना कालव्यांच्या पूर्ततेवरून न करता पीटच्या उरलेल्या जाडीवरून करणे अधिक सयुक्तिक ठरेल. तसे केल्यास 1651 हे निचरा पूर्ण झाल्याचे वर्ष उरत नाही. सामायिक चराई गमावलेल्यांची हानी ज्या सुपीकतेच्या नावाने समर्थनीय ठरवली गेली, ती सुपीकताही त्याच निचऱ्याने खर्ची पडत होती, हेही मग दिसू लागते.

2001 पासून होम फेनच्या परिसरात ‘ग्रेट फेन’ प्रकल्पाद्वारे काही शेतांत पुन्हा पाणी धरून ठेवण्यात येत आहे. अनुकूल स्थितीत पीट वर्षाला साधारणपणे एक मिलीमीटर साचते. लोखंडी स्तंभाजवळच्या 3.9 मीटरपैकी काही भाग केवळ दबण्यामुळे गेला आहे. उरलेला भरून येण्यास या वेगाने हजारो नाही तरी कित्येक शतके निश्चितच लागतील.