नालबंद : एका शब्दाचा आणि उमेदवारीचा इतिहास

नालबंद व्हावयाचे असेल तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याचे उत्तर ग्रंथांत शोधू लागले की, ज्ञान आणि लेखन यांच्या परस्परसंबंधातील एक मूलभूत अडचण समोर येते.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'नाल' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पादत्राण. 'बंद' हे फारसी पद, म्हणजे बांधणारा. हा जोडशब्द मराठी-हिंदीत आला, तसाच तुर्कीत 'नालबंत' आणि बल्गेरियन भाषेत 'नालबांतिन' झाला. ज्याच्या कवितेवर आर्मेनियाचे राष्ट्रगीत आधारलेले आहे, त्या मिकाएल नालबंदियानच्या (१८२९–१८६६) आडनावातही तोच आहे. आपल्या समाजाला मिळालेल्या एका वारशाचा प्रश्न सोडवण्यासाठी हा कवी १८६०-६१च्या सुमारास कलकत्त्याला आला होता.

मराठीत मात्र या शब्दाला निराळे वळण मिळाले. मराठेशाहीत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेच्या तयारीसाठी आगाऊ दिलेली रक्कम 'नालबंदी' म्हटली जाई. खुराला नाल ठोकण्याच्या लहानशा क्रियेने फौजेच्या हिशेबातील एक खाते व्यापले. नालबंद स्वतः मात्र त्या खात्याआड राहिला. युरोपात याच्या उलट घडले. जर्मानिक भाषांतील 'घोड्याचा चाकर' या अर्थाच्या शब्दापासून 'मार्शल' हे सेनापतिपद निघाले. फ्रेंच भाषेत नालबंदाला आजही 'मारेशाल-फेरां' असेच म्हणतात. एकीकडे चाकराचे नाव पदवीला चढले, तर दुसरीकडे कारागिराचे काम जमाखर्चात उतरले.

ग्रंथपरंपरेने नालबंदापेक्षा अश्ववैद्याला जवळ केले. शालिहोत्राच्या नावावरून हिंदुस्तानीत 'सलोतरी' हा शब्द रूढ झाला. १७८८मध्ये कलकत्त्यात जोसेफ अर्ल्सने 'सलोतर' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या शीर्षकात 'फॅरिअरी' हाच शब्द योजला. कारण त्या काळच्या इंग्रजीत घोड्याची चिकित्सा आणि नाल ठोकणे ही दोन्ही कामे त्या एकाच शब्दात सामावत. १७९१मध्ये लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले आणि त्यानंतर वैद्य व कारागीर यांच्या वाटा अधिकाधिक वेगळ्या होत गेल्या. १८०८मध्ये कंपनीच्या अश्वपैदाशीचा अधिकारी म्हणून भारतात आलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा दोन्ही वाटांवरचा माणूस होता. तो शिक्षित पशुवैद्य होता, आणि नाल ठोकण्याच्या पद्धतींवर त्याने १८००मध्ये पुस्तकही लिहिले होते.

परंतु पुस्तक वाचून कोणी नालबंद झाला नाही. उमेदवाराचे पहिले काम म्हणजे घोड्याचा पाय उचलून धरणे आणि जनावराचा विश्वास संपादणे. मग जुनी नाल काढणे, वाढलेला खूर तासणे, कानस फिरवणे. खिळा ठोकण्याची पाळी बऱ्याच काळानंतर येते. खुराच्या कडेतील पांढऱ्या रेषेच्या बाहेर, निर्जीव कवचातच खिळा जावा लागतो. तो आत वळला की घोडा लंगडतो. हे अंतर काही मिलिमीटरांचे असते, आणि खिळा कोठे चालला आहे हे हातोड्याच्या नादावरून कळते. तो नाद लिहून ठेवता येत नाही.

म्हणूनच या धंद्याचा इतिहास हा प्रवेशाच्या नियमांचा इतिहास ठरतो. अकुशल माणसांविषयीच्या तक्रारींमुळे लंडनच्या नालबंदांचा संघ १३५६मध्ये आकाराला आला. १९७५च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये, काही अपवाद वगळता, नोंदणीकृत व्यक्तीवाचून इतरांस नाल ठोकता येत नाही. तेथे गुरूच्या हाताखाली सुमारे चार वर्षे काढावी लागतात. भारतात लष्कराच्या अश्व व पशुवैद्यक दलाचे प्रशिक्षणकेंद्र मेरठला आहे. त्याबाहेर घोड्यांचे तबेले आणि बैलांना पत्र्या मारण्याचे बाजार हीच शाळा, आणि बाप किंवा उस्ताद हाच गुरू.

ज्याचे ज्ञान हातातून हातात जाते, त्याचा धंदा खंडित झाला की त्याचे दप्तरही नष्ट होते. कोशात 'नालबंदी' उरेल. खिळ्याचा नाद ओळखणारा कान उरेलच असे नाही. तुलनाकाराने शब्दांच्या प्रवासाबरोबर उमेदवारीच्या या मौखिक परंपरेचीही नोंद घ्यावयास हवी, आणि ती उस्ताद हयात असतानाच.