माग कुठे मांडायचा?

खड्डामाग जसाच्या तसा उचलून नेता येत नाही. लाकडी सांगाडा सोडवून गाडीत घालता येतो, फणी कापडात गुंडाळून घेता येते, धोटा तर पिशवीतही मावतो. पण विणकर ज्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो खड्डा जुन्या गावातच राहतो. नव्या गावी तो पुन्हा खणावा लागतो आणि खणायला आधी पायाखालची जमीन लागते. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर खड्डा खणता येत नाही. तेलंगणातून बायकामुलांसह निघालेल्या पद्मशाली विणकरांनी बिऱ्हाडासाठी कोणतं शहर निवडलं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या खड्ड्यापासूनच करायला हवी.

करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथले विणकर पश्चिमेकडे सरकू लागले. गिरणीच्या स्वस्त कापडानं गावातलं गिऱ्हाईक तोडलं होतं आणि पाऊस दगा देत होता. त्यात गावच्या देशमुखाची, म्हणजे दोराची, वेठ होती. तेलुगूत तिला वेट्टी म्हणत. मोबदल्याशिवाय कापड द्यायचं, कामावर बोलावलं की जायचं, आणि तक्रार करायची तर कुणाकडे? 1876 ते 78 च्या दुष्काळानं सारं दख्खन होरपळलं. पुढे 1946 पासूनचा तेलंगणाचा सशस्त्र लढा, रझाकारांचा धुमाकूळ आणि सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई या काळातही कुटुंबं घरं सोडत राहिली. एका लाटेत सगळे आले असं झालं नाही. तीन-चार पिढ्या हा ओघ चालू होता.

वाट कुठून जात होती, हेही पाहायला हवं. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोहोचली. 1874 मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातला फाटा सुरू झाला आणि हैदराबादहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग जोडला गेला. या मार्गावर गुलबर्गा मागे पडलं की निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजी अमलातलं पहिलं मोठं शहर लागायचं ते सोलापूर. दोराच्या हाताबाहेर आणि तरीही गावाकडच्या लग्नाकार्याला, मयतीला परत जाता येईल एवढ्या अंतरावर. हैदराबादपासून सोलापूर सुमारे तीनशे किलोमीटर. मुंबई गाठायची तर तिथून आणखी चारशेवर किलोमीटर जावं लागे.

पण जवळ आहे म्हणून लोक सोलापुरात राहिले, असं म्हटलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. गाडी पुढेही जात होती आणि पुष्कळ जण पुढे गेलेही.

मुंबईत तेलुगू मुलखातले मजूर फार पूर्वीपासून होते. त्यांना कामाठी म्हणत आणि कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. गिरण्या वाढल्या तसे पद्मशाली विणकर लालबाग-वरळीच्या बाजूलाही गेले. भिवंडीत यंत्रमाग वाढले तेव्हा तिथे त्यांची वस्ती झाली. पद्मानगर हे नाव आजही ती ओळख सांगतं. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचा मोठा समाज आहे. सुरतेलाही आहे. मालेगावची वाट मात्र वेगळ्या लोकांनी धरली. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेले मोमीन विणकर तिथे स्थिरावले आणि ते गाव त्यांचं झालं. इचलकरंजीला 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयानं त्या जहागिरीचं पुढे यंत्रमागाचं शहर झालं. विणकराला जायला गावं बरीच होती, पण बायको, म्हातारी आई आणि चार मुलं घेऊन निघालेल्या विणकरासाठी ती यादी एकदम आखूड होत असे.

मुंबई पुरुषांचं शहर होती. 1921 च्या शिरगणतीत तिथे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. गडी मुंबईला जायचा, खाणावळीत जेवायचा, गाळ्यात आठ-दहा जणांत झोपायचा आणि बायकामुलं गावी राहायची. कोकणातल्या, घाटावरच्या शेतकऱ्याला हे परवडत होतं, कारण मागे शेताचा तुकडा असायचा आणि बाई तो सांभाळायची. विणकराच्या मागे शेत नव्हतं. एकटा विणकर मुंबईला गेला तर गावातलं घर जगणार कशावर? शिवाय विणकाम हा मुळात एकट्याचा धंदाच नाही.

रहाटावर सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, ताणा करायचा. मग पांजणी. ताणा रस्त्याच्या कडेनं लांबच्या लांब पसरून त्याला खळ लावायची, कुंच्यानं धागे मोकळे करायचे आणि उन्हात वाळवायचे. हे सगळं झालं की गडी मागावर बसणार. तो बसला तरी कांड्या भरून देणारे हात सतत लागतात. नाहीतर धोटा रिकामा पडतो. ही कामं बायकांची, म्हाताऱ्यांची आणि मुलांची. घरातली बाई रहाटावरून उठली की गड्याचा माग थांबतो. कापडावर नाव गड्याचं लागायचं, पण पोट भरायचं सगळ्यांच्या हातांनी.

सोलापूरनं नेमकी या घरासाठी जागा ठेवली होती. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. लोकांच्या तोंडी ती जुनी मिल. पाठोपाठ लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. गिरणी आली की हातमाग मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. सोलापुरात गिरणी आणि हातमाग शेजारी शेजारी वाढले. गिरणीचं सूत गावातच मिळू लागलं आणि हातमागावरची सोलापुरी लुगडी दख्खनभर खपत राहिली. साळी, कोष्टी, मोमीन हे विणकर इथे आधीपासून होते, त्यामुळे रंगारी, सुताचे व्यापारी, फणी बांधणारे अशी सगळी साखळी तयार होती. शहराच्या पूर्वेला मोकळी जमीन होती. पाऊस बेताचा असल्यानं वर्षातले बरेचसे दिवस ताणा उघड्यावर पसरता यायचा. आणि ज्यांना खड्डामाग नको होता त्यांना गिरणीचा भोंगा होताच. एक भाऊ गिरणीत, दुसरा मागावर आणि घरातल्या बायका कांड्यांवर, अशी विभागणी एकाच छपराखाली होऊ शकत होती. एक धंदा बसला तर दुसऱ्यावर चूल पेटायची. कुटुंबाला याहून मोठं आश्वासन दुसरं कुठलं शहर देणार?

1901 मध्ये सोलापूरची लोकसंख्या होती सुमारे 75 हजार. नंतर प्लेगनं शहर झोडपलं आणि 1911 च्या मोजणीत आकडा खाली आला. 1921 पर्यंत तो 1 लाख 20 हजारांच्या आसपास पोहोचला. ही वाढ बाहेरून आलेल्यांची होती. आधी कुणीतरी एकटा यायचा, नातेवाइकाच्या कारखान्यात मागावर बसायचा, मग पत्र जायचं आणि घर यायचं. सोलापुरात कारखाना म्हणजे काही वेळा एकाच छपराखालचे दहा-वीस हातमाग आणि तिथेच पथारी टाकणारे विणकर. मालक जातीचाच, भाषेचाच. म्हणून तो मायाळू असे, असं मात्र नाही. विणकर त्याच्याकडून उचल घ्यायचा आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायची सोय नसायची. वेट्टी सोडून आलेल्या माणसाला इथे उचलीनं बांधलं, हे या इतिहासातलं दुखरं सत्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की इथे मजुरी ठरलेली होती, संप करता येत होता आणि एका मालकाशी बिनसलं तर त्याच गल्लीत दुसरा होता.

शहरात भाषेचं ओझं कमी होतं, हेही या निवडीत धरायला हवं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा सोलापूरच्या बाजारात चालतात. नव्यानं आलेल्या बाईला भाजी घ्यायला मराठी यावंच लागे असं नव्हतं. जिथे पद्मशालींची वस्ती झाली त्या पूर्व भागात तेलुगूवर भागत होतं आणि मुलं मराठी शिकतच होती. पद्मशाली समाज मार्कंडेय ऋषींना मूळ पुरुष मानतो आणि त्यांचे पुत्र भावनाऋषी यांना पहिला विणकर. भावनाऋषींच्या पत्नीचं नाव भद्रावती. सोलापुरात एका पेठेचं नाव भद्रावती पेठ आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो आणि सारा पूर्व भाग रस्त्यावर येतो. नवरात्रात बतुकम्माची फुलं रचली जातात. ज्या गावात आपला देव मिरवतो, तिथे मूळ गावची आठवण घेऊनही राहता येतं.

स्वातंत्र्यानंतर या निवडीची परीक्षा झाली आणि ती कठोर होती. 1949 मध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. 1950 मध्ये केंद्र सरकारनं खास कायदा करून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. भारतीय संविधानाच्या अभ्यासात तो आजही वाचला जातो. हातमागाचंही बदलत होतं. लुगड्याची मागणी घटली, यंत्रमाग आले. विणकरांनी जेकार्डवर जाड सुताची चादर विणायला घेतली आणि त्याच चादरीनं सोलापूरचं नाव घराघरांत पोहोचवलं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला 2005-06 च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं.

यंत्रमागानं मात्र घरातल्या बाईचं काम हिरावून घेतलं. कांड्या यंत्रावर भरू लागल्या, ताणा कारखान्यात होऊ लागला आणि माग घरातून शेडमध्ये गेला. घराचा अर्धा हिशेब इथे कोलमडला असता. तो सावरला विडीनं. पूर्व भागातल्या बायकांनी मांडीवर सूप घेतलं. कारखान्यातून टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची आणि दुसऱ्या दिवशी मोजून द्यायची. मजुरी हजार विड्यांवर. तपासणीत काही विड्या बाद व्हायच्या, त्यांचे पैसे नाहीत. तंबाखूच्या धुळीनं खोकला जडायचा, मान आणि पाठ कायमची वाकायची. तरीही यंत्रमाग बंद पडलेल्या महिन्यात घरात पीठ आणलं ते या विड्यांनी. 1966 मध्ये विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण ओळखपत्रं, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी हातात पडायला सोलापूरच्या बायकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

  राजकारणातही पद्मशाली समाजानं जागा मिळवली. 1980 ते 1996 या काळातल्या पाच लोकसभा निवडणुकांत सोलापूरचे खासदार होते गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ. तिघेही पद्मशाली. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखे कवी-अनुवादक तेलुगू आणि मराठी या दोन भाषांमध्ये पूल बांधत राहिले. पद्मशाली शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून विणकरांच्या मुली शिकून बाहेर पडल्या. सोलापूर निवडणाऱ्या कुटुंबांनी सोलापूरला काय दिलं, याचा हा थोडासा जमाखर्च.

आता या घरांतली मुलं पुण्याला जातात, हैदराबादला जातात, बंगळुरूला जातात. मोठ्या गिरण्या बंद पडून बराच काळ लोटला आणि चादरीचे कारखाने कमी झाले. मागाचा प्रवास उलट दिशेनंही झाला. तेलंगणातल्या सिरसिल्ला गावात यंत्रमाग वाढले ते भिवंडीसारख्या गावांतून परतलेल्या विणकरांमुळे. 2017 पासून काही वर्षं तेलंगण सरकारनं बतुकम्माच्या साड्यांचं काम तिथल्या मागांना दिलं. पणजोबा गाव सोडून निघाले, तेव्हा गावाकडेच माग चालतील अशी आशा कुणाला होती?

शहराबाहेर कुंभारीला 10 हजार घरांची वसाहत आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली आणि 2006 मध्ये तिचं लोकार्पण झालं. तिथेच रे नगर हा 30 हजार घरांचा प्रकल्प असून त्यातल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. पहिल्या वसाहतीच्या संस्थेचं नाव आहे कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. सोलापुरात बिऱ्हाड कुणाच्या कष्टावर टिकलं, ते या नावात स्पष्ट लिहिलेलं आहे.

कागदोपत्री मात्र ही बाई फार कमी सापडते. गिरणीच्या हजेरीपटावर गड्याचं नाव, उचलीच्या वहीवर गड्याचा अंगठा आणि शिरगणतीत ती बहुतेक वेळा नुसती मदतनीस. तेलंगणातून निघताना मुंबई नको, सोलापूर बरं, हे घरात कुणी म्हटलं, कुणाचं ऐकलं गेलं, आधी कुठे राहून पाहिलं आणि तिथून का उठलो, हे सांगू शकणाऱ्या आज्या आता ऐंशी-नव्वदीत आहेत. सोलापूरच्या साखर पेठेत, दत्तनगरात, कुंभारीच्या विडी घरकुलात ज्यांच्या घरी अशी आजी असेल त्यांनी या दिवाळीत तिच्यापाशी बसावं, ती तेलुगूत बोलली तर तेलुगूतच, आणि गावाचं नाव, निघाल्याचं साल आणि नाकारलेल्या शहरांची नावं तिच्या शब्दांत लिहून ठेवावीत.