‘झालं’ कोणी म्हणायचं? ग्रामसभेचं रजिस्टर आणि इश्यू ट्रॅकर

आजचा विषय आहे इश्यू ट्रॅकर, म्हणजे तक्रारी आणि कामं यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यातही मुक्त-स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं. ते आलं कुठून आणि आपण सुरुवात कशी करायची, हे बघू. उदाहरणं मात्र गडचिरोली-चंद्रपूरची घेणार आहे. कारण या सॉफ्टवेअरच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो तिथल्या ग्रामसभांनी संगणकाशिवाय हाताळलेला आहे. प्रश्न असा: एखादं काम ‘झालं’ असं म्हणायचा अधिकार कोणाचा?

आधी सॉफ्टवेअरची बाजू घेऊ. १९९३ मध्ये डेबियन नावाचा प्रकल्प सुरू झाला. जगभरचे स्वयंसेवक, बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. दोष सापडला की कोणीतरी ईमेल पाठवायचा, आणि तो कोणाच्या तरी टपालात हरवायचा. १९९४ मध्ये इयान जॅक्सन यांनी त्यासाठी एक व्यवस्था लिहिली. प्रत्येक तक्रारीला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाखालचा सगळा पत्रव्यवहार कोणालाही वाचता येईल असा. पुढे १९९७ मध्ये डेबियनने आपला सामाजिक करार जाहीर केला. त्यात अडचणी झाकून ठेवणार नाही, असं वचनच दिलेलं आहे.

१९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि मोझिला प्रकल्प उभा राहिला. तिथे टेरी वाइसमन यांनी बगझिला लिहिलं. यात एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट होती. दुरुस्ती करणाऱ्याने नोंदीवर ‘सोडवलं’ असा शेरा मारायचा. पण त्यानंतर ‘पडताळलं’ अशी वेगळी पायरी होती, आणि ती तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाची. काम करणारा म्हणतो ‘झालं’, एवढ्यावर विषय संपत नाही. मग २००६ मध्ये जाँ-फिलिप लाँग यांचं रेडमाइन आलं. त्यात तक्रारींबरोबर मुदती, जबाबदाऱ्या, कागदपत्रं आणि अनेक प्रकल्प एकाच जागी ठेवता येऊ लागले.

आता बघा, त्याच २००६ च्या डिसेंबरात आपल्या संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. त्याची रचना बघितली तर तीही टप्प्याटप्प्याची आहे. दावा ग्रामसभेत दाखल होतो. गावची वनहक्क समिती त्याची लेखी पोच देते, पडताळणी करते. ग्रामसभा ठराव करते. मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेचा ठराव किंवा उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. म्हणजे क्रमांक, टप्पा, जबाबदार आणि मुदत, सगळं आलं. पण हा क्रम चालू राहतो कधी? फाइल कुठे आहे हे गावाला माहीत असेल तेव्हा. निर्णय कोणत्या तारखेला कळला हे लिहिलेलं नसेल, तर ६० दिवस मोजणार कुठून?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यातून या गावाची ग्रामसभा घडली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात विषयाची चर्चा करायची, माहिती काढायची. तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. सरकारी कागदावर प्रकरण सुटलं. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, ज्याला तिकडे टीपी म्हणतात, आणि तो वनविभाग देईना. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, तर १९२७ च्या जुन्या कायद्यात तो झाडांच्या व्याख्येत होता. गावाचं म्हणणं सरळ होतं: हक्क दिला म्हणता, मग आमचा बांबू गावाबाहेर का जात नाही? अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ च्या नियमदुरुस्तीत परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. बगझिलाच्या भाषेत सांगायचं तर २००९ ला ‘सोडवलं’ झालं, ‘पडताळलं’ व्हायला २०११ उजाडलं. गावाने मधल्या काळात विषय बंद केला असता तर?

दुसरं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. त्यांना २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनी जंगलाचे नियम स्वतः लिहून काढले. बांबू काढायचा, पण तेंदूपान तोडायचं नाही असं ठरवलं. कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात आणि पाखरांना फळ मिळत नाही. ‘करायचं नाही’ हाही एक निर्णय असतो. इश्यू ट्रॅकरमध्ये त्यासाठी ‘नाकारलं’ अशी स्थिती असते. त्यापुढे कारण लिहिलेलं असलं, की पाच वर्षांनी तोच विषय निघाला तरी वाद पहिल्यापासून घालावा लागत नाही.

मग रजिस्टर पुरतं की नाही? एका गावाला पुरतं. पण कोरचीसारख्या तालुक्यात अनेक ग्रामसभांची मिळून महाग्रामसभा आहे. तेंदूचा हंगाम घ्या. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. हजारो पुडे, अनेक फळ्या, ठेकेदाराचे हप्ते, प्रत्येक कुटुंबाची मजुरी. कुठल्या गावाचा कोणता हप्ता राहिला, हे पन्नास वह्यांतून शोधायचं म्हटलं तर हंगाम संपून जातो. इथे रेडमाइनसारखं साधन कामाला येतं. ते फुकट मिळतं, आणि तालुक्याच्या ठिकाणी एका संगणकावर बसवलं तर इंटरनेट नसतानाही त्या कार्यालयात चालतं.

सुरुवात कशी करायची? आधी सॉफ्टवेअर उघडू नका. कागदावर ठरवा की आपल्याकडे विषय किती प्रकारचे येतात: दावा, मजुरी, वणवा, परवाना. मग स्थिती ठरवा, चार-पाचच, आणि आपल्या शब्दांत: आलं, चालू, सोडवलं, पडताळलं, नाकारलं. रेडमाइनमध्ये ही नावं देवनागरीत देता येतात. प्रत्येक गाव हा एक प्रकल्प. प्रत्येक नोंदीला एकच जबाबदार माणूस. ‘समिती’ असं लिहिलं की कोणीच जबाबदार नसतं. ‘पडताळलं’ करायचा अधिकार काम करणाऱ्याला देऊ नका, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. आणि नोंद पुसायचा अधिकार शक्यतो कोणालाच ठेवू नका. एका गावाचे दहा विषय घेऊन एक हंगाम चालवून बघा, मग वाढवा.

दोन सावधगिरी. कुटुंबांच्या दाव्यांची कागदपत्रं गावाबाहेर खुली करायची नाहीत. उघडपणा कोणापुरता, हे ग्रामसभेने ठरवायचं. आणि पडदा न वाचणारे लोक सभेत असतात. तेव्हा उघड्या विषयांची यादी छापून दर सभेत मोठ्याने वाचायची. ठराव सभेतच होतो, यंत्र फक्त आठवण ठेवतं.

डेबियनच्या स्वयंसेवकांना जे १९९४ मध्ये गवसलं आणि मेंढ्याने टीपीच्या लढ्यात जे धरून ठेवलं, ते एकच आहे. ज्याचा प्रश्न आहे, तो म्हणेपर्यंत नोंद उघडी राहते. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.