रोजे आणि व्यावसायिक खेळ

रमजान महिन्यात मुस्लिम खेळाडूंनी रोजा ठेवून सामने खेळण्याची प्रथा. पहाटेच्या सेहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असल्याने घामावाटे गेलेले पाणी खेळ सुरू असताना भरून काढता येत नाही, आणि उन्हात वेगवान गोलंदाजाला हे सर्वांत जड जाते. प्रवासी व आजारी यांना कुराणाने सवलत दिली आहे. सुटलेला रोजा नंतर ठेवता येतो, त्याला कजा म्हणतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसला तो २०२२ च्या आयपीएलमध्ये. साखळीतील सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाले आणि ३ एप्रिल ते २ मे हा रमजानचा महिना त्यातच आला. सूर्यास्त सातच्या सुमारास, नाणेफेक सातला, सामना साडेसातला. म्हणजे रोजेदार खेळाडूचा सराव कोरड्या घशाने होई, पण पहिल्या चेंडूआधी इफ्तार उरकलेली असे. दुपारी साडेतीनच्या सामन्यात मात्र जवळजवळ सगळा खेळ रोज्यातच जाई. एकाच स्पर्धेत, एकाच शहरात इतका फरक केवळ वेळापत्रकामुळे पडतो, हे आयोजकांनी ध्यानात घ्यायला हवे.

सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही, हेही आहेच. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचे सौंदड (ता. सडक अर्जुनी) मुंबईच्या सुमारे सात अंश पूर्वेला आहे. एप्रिलमध्ये तिथला रोजा साडेसहाच्या आसपास, मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी सुटतो. सेहरीही तितकीच लवकर संपते. साडेसातचा सामना तिथल्या मैदानावर ठेवला, तर खेळाडूला इफ्तार, नमाज आणि पुरेसा सराव या तिन्हींसाठी वेळ मिळेल.

खेळाडूंनी वेगवेगळे मार्ग निवडले आहेत. हकीम ओलाजुवन रोजे ठेवून बास्केटबॉल खेळला आणि फेब्रुवारी १९९५ चा एनबीएतील महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हाशिम आमलाने २०१२ च्या रमजानमध्ये ओव्हलवर नाबाद ३११ धावा केल्या, त्या प्रवाशाची सवलत घेऊन. ४ मार्च २०२५ रोजी दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमी मैदानावर पेय पिताना दिसला, तेव्हा एका मौलानांनी त्याला गुन्हेगार म्हटले. इतर उलेमांनी प्रवासाच्या सवलतीचा दाखला देत त्याची बाजू घेतली. त्याने त्या दिवशी ४८ धावांत ३ बळी घेतले. रोजा हा माणूस आणि अल्ला यांच्यातला व्यवहार. त्याचा हिशेब टीव्हीवर मागणे अन्यायाचेच होते.

फुटबॉलमध्ये नियमांचा प्रश्न येतो. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर–क्रिस्टल पॅलेस सामना सूर्यास्तानंतर क्षणभर थांबला आणि वेस्ली फोफाना व शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. फ्रान्सच्या महासंघाने २०२३ मध्ये अशा विरामास मनाई केली.

चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान आता आयपीएलच्या हंगामातून मागे सरकून रणजीच्या हंगामात शिरत आहे. २ मार्च २०२५ हा भारतातला पहिला रोजा. त्याच दिवशी नागपूरच्या जामठ्यात विदर्भ–केरळ रणजी अंतिम सामन्याचा पाचवा दिवस होता. हिवाळ्यात दिवस लहान आणि हवा थंड असते, परंतु हे सामने सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात. संपूर्ण खेळ रोज्याच्या वेळेतच होतो.