भट्टीपासून ओट्यापर्यंत

बाह्या वर करा. घड्याळ, मोबाइल, पाकीट, सगळं इथेच ठेवा. तिकडे दोन्ही हात मोकळे लागतील. निघण्याआधी पोटभर पाणी प्या, कारण तुम्ही थेट भट्टीच्या तोंडाशी उतरणार आहात.

उतरलात? डोळे लगेच उघडू नका. आधी वास घ्या. जळत्या लाकडाचा, ओल्या मातीचा आणि रात्रभर न झोपलेल्या माणसांच्या घामाचा. आता डोळे उघडा. समोरच्या भोकातून निघालेली धग गालावर बसते आणि तुम्ही दोन पावलं मागे सरता. मागे कुणीतरी उभं असतं. ते तुमच्या हातात लाकडाच्या ढलप्यांचा भारा कोंबतं आणि ओरडतं, "टाका, थांबू नका!"

हा 1923 चा उन्हाळा आहे. जर्मनीच्या थुरिंजिया भागात, झाले नदीच्या वर कड्यावर बसलेलं डोर्नबुर्ग नावाचं चिमुकलं गाव. वायमार शहरात चार वर्षांपूर्वी बाउहाउस ही कलाशाळा निघाली आणि तिचा कुंभारकामाचा विभाग 25-30 किलोमीटरवर इथे येऊन राहिला. ही भट्टी माक्स क्रेहान यांची. त्यांच्या घरात हे काम पूर्वापार चालत आलेलं. ते बोलतात कमी. भट्टीच्या भोकाला डोळा लावून ज्वाळेचा रंग बघतात, बोटाने खूण करतात आणि तुम्ही पुन्हा लाकूड टाकता. हे लाकूडही मुलामुलींनीच जंगलातून तोडून आणलंय. पहाटेपर्यंत तुमच्या खांद्यांत गोळे येतात, भुवयांचे केस करपल्याचा वास येतो आणि तोंडात राखेची चव राहते. ही दमणूक लक्षात ठेवा. आज दिवसभर तीच तुमची मोजपट्टी आहे.

भट्टी निवायला फार वेळ लागतो. कालप्रवासाचा एवढा फायदा घेऊ आणि ते दिवस गाळून टाकू. आता विटा काढल्या जाताहेत. आतली भांडी अजून कोमट आहेत. एक सुरई उचला, बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भांडं जमलं. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मग कुणी काही बोलत नाही. आठवड्यांचं काम बाजूच्या ढिगाऱ्यात जातं आणि माणसं पुढचं भांडं उचलतात.

तिथून गावातल्या राजवाड्याच्या पागेत चला. घोडे केव्हाच गेले. आता इथे चाकं आहेत, फळ्यांवर वाळत ठेवलेली भांडी आहेत आणि जमिनीवर सगळीकडे घसरडा चिखल आहे. कोपऱ्यात 26 वर्षांचा थिओडोर बोगलर प्लास्टरचे साचे उघडतोय. क्रेहान यांच्या चाकावर प्रत्येक भांडं वेगळं होतं. बोगलरच्या साच्यातून एकसारखी निघतात. चला, हात लावा. मातीचा पातळ घोळ साच्यात ओता. प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि आतून मातीची साय धरते. पुरेशी जाड झाली की उरलेला घोळ परत ओतून काढा. थोड्या वेळाने साचा उघडा. तुमच्या हातात चहाच्या किटलीचं नुसतं पोट आलंय. तोटी वेगळ्या साच्यातून येणार, झाकण वेगळ्या, कान वेगळा.

आता खरी गंमत. बोगलर हे भाग तुमच्यापुढे मांडतो आणि जोडायला सांगतो. कान तोटीच्या समोर लावला की एक किटली. तोच बाजूला आडवा लावला की दुसरी. वरून कडी घातली की तिसरी. भाग मोजकेच, किटल्या अनेक. तुम्ही प्रत्येक जोडणी उचलून बघता, पाणी ओतल्यासारखं मनगट वाकवता. आडवा कान धरला की कोपर शरीराजवळ राहतं. वरच्या कडीला हात उंच उचलावा लागतो. हा फरक कागदावरच्या चित्रात दिसला नसता. रात्रभर लाकडं टाकून दुखावलेल्या मनगटाला तो ताबडतोब कळला.

या साच्यांवरून इथे वाद पेटलाय. बाउहाउसचे प्रमुख वाल्टर ग्रोपिउस वसंतात इथली भांडी बघून गेले. त्यांना ती आवडली, पण जवळजवळ प्रत्येक भांडं एकुलतं एक आहे हे त्यांना खटकलं. एवढी मेहनत पुष्कळ लोकांच्या घरी पोचायला हवी, असं त्यांचं म्हणणं. कार्यशाळेचे कलागुरू गेरहार्ड मार्क्स यांना धास्ती आहे ती शाळेचा कारखाना होण्याची. दोघांचंही तुम्हाला पटतं. क्रेहान यांच्या चाकावरची सुरई हातात घेतली की ती खाली ठेवावीशी वाटत नाही. पण ती घेणार कोण आणि किती जण?

आता भांडी पेंढ्यात गुंडाळून टोपलीत भरा आणि स्टेशनवर चला. चौथ्या वर्गाच्या डब्यात बसायला थोडीशी लाकडी बाकं, बाकी सगळी उभं राहायची जागा. टोपल्या, पोती, कोबी, एक कोंबडी. खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यात जाते. तिकिटासाठी तुमच्या हातात नोटांची चळत दिलीय. किमती सकाळी एक आणि संध्याकाळी दुसऱ्या. सगळ्यात वरची नोट दहा लाख मार्कांची आहे: स्वच्छ, ठळक अक्षरांची, नक्षीचा पत्ता नाही. ती बाउहाउसच्याच हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याने रेखली. शेजारची मुलगी विचारते, "भारतातून? मग आमची चित्रं बघितली असतील!" गेल्या डिसेंबरात क्ली, कॅन्डिन्स्की आणि इतरांची चित्रं वायमारहून कोलकात्याच्या प्रदर्शनात गेली होती. किटल्या गेल्या नव्हत्या. म्हणून तर तुम्ही आलात.

वायमारमध्ये सामान टाकायला एका घरी खोली मिळते. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत. पण त्यांना कांदा चिरून द्यायला स्वयंपाकघरात शिरा म्हणजे कळेल. मधोमध जड टेबल. एका भिंतीशी कोळशाची शेगडी, तिची धग ऑगस्टच्या उकाड्यात मिसळलेली. दुसऱ्या भिंतीशी कोरीव कपाट, त्याच्या प्रत्येक वेलबुट्टीत तेलकट काजळी बसलेली. मीठ कपाटात, चाकू टेबलाच्या खणात, पाणी पार दाराजवळ. एका रश्श्यासाठी तुम्ही टेबलाला कितीतरी प्रदक्षिणा घालता, कोपऱ्यावर मांडी आपटते. आधी खांदे दुखत होते, आता कंबरही धरली. बाई मात्र न थांबता येरझारा घालताहेत. वर्षानुवर्षं रोज.

आता बाउहाउसच्या प्रदर्शनाला चला. 15 ऑगस्टला ते उघडलंय आणि शहरात पाहुण्यांची झुंबड आहे. रंगाचा वास, सिगारचा धूर, पाच-सहा भाषांचा कलकलाट. गर्दीत एका खुर्चीपाशी थांबा. नुसत्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले घोड्याच्या केसांच्या कापडाचे पट्टे. मार्सेल ब्रॉयर नावाच्या हंगेरियन तरुणाने ती केली; तो आता 21 वर्षांचा आहे. गादी नाही, कोरीवकाम नाही. बघून वाटतं, अजून अर्धीच झालीय. बसून बघा. एक पट्टा कमरेच्या वर टेकतो, दुसरा खांद्यांपाशी, आणि पाठीचा कणा मोकळा राहतो. आसन मागे कललेलं, मांड्यांना आधार. जिथे दुखतंय तिथेच खुर्चीने हात दिलाय. उठावंसं वाटत नाही. पण मागे रांग लागलीय, उठा.

इल्म नदीकाठची बाग ओलांडून वर चढा. हाउस आम होर्न, याच प्रदर्शनातलं घर. पांढरं, सपाट छपराचं, चौकोनी घर, प्रत्येक बाजू सुमारे पावणेतेरा मीटर. आराखडा गेऑर्ग मुखे या चित्रकाराचा आणि बांधकाम काही महिन्यांत उरकलेलं. बाहेर लोक कुजबुजताहेत, हे घर आहे की दवाखाना? आत शिरा. मधल्या सहा बाय सहा मीटरच्या खोलीत वरच्या खिडक्यांतून उजेड उतरतो. मार्ता एर्प्स यांनी विणलेला गालिचा पायाखाली मऊ लागतो. चारी बाजूंना छोट्या खोल्या. नोकरचाकर नसलेल्या कुटुंबाने राहावं असं हे घर. घरातलं काम हलकं कसं होईल, हा प्रश्न इथे नकाशा काढतानाच विचारलाय.

म्हणून खरी परीक्षा स्वयंपाकघरात. बेनिटा ओटे आणि एर्न्स्ट गेबहार्ट यांनी ते योजलंय. मधोमध टेबल नाही. खिडकीखाली सलग कामाचा ओटा, उजेड थेट हातांवर पडणारा. कपाटं दोन भागांत: काही खाली, काही भिंतीवर टांगलेली, मध्ये हात चालवायला जागा. पृष्ठभाग सपाट, फडकं एकदा फिरवलं की झालं. पाणी तापवायला यंत्र. फळीवर बोगलरच्या बरण्या ओळीने उभ्या, प्रत्येकीवर आत काय आहे ते ठळक अक्षरांत. आजीच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीसारखाच त्यांचा भारदस्त घाट. फक्त या साच्यातून निघाल्यात, फेल्टेन-फोर्डामच्या कारखान्यात, म्हणून एकीशेजारी एक अशा तंतोतंत बसतात. बोगलरने पोर्सिलेनचं एक कॉफीयंत्रही केलंय, बर्लिनच्या सरकारी कारखान्यासाठी: एकावर एक बसणारे गुळगुळीत पांढरे भाग. डोर्नबुर्गच्या चिखलातला विचार आता पांढऱ्याशुभ्र पोर्सिलेनपर्यंत पोचला.

ओट्यापाशी उभे राहा. खोटाखोटा कांदा चिरा. मीठ? डावा हात वर केला की झालं. तुम्ही जागचे हलला नाहीत. कमरेने सुटकेचा श्वास टाकलेला तुम्हाला जाणवतो. इतक्या खोल्यांत इतकी चित्रं टांगली आहेत, पण या शहरातलं सगळ्यात धीट काम या ओट्यावर झालंय. घरातल्या कष्टांकडे कुणीतरी मान देऊन, मोजून-मापून बघितलं.

दारातून पलीकडे मुलांची खोली. 24 वर्षांच्या आल्मा बुशरला शाळेने आधी विणकामात बसवलं होतं, बहुतेक मुलींना तिथेच पाठवत. ती हट्टाने लाकूडकामात आली. तिचं खेळण्यांचं कपाट बघा: रंगीत खोके बाहेर निघतात, कधी बाक होतात, कधी टेबल, एकाला चाकं आहेत. कपाटाच्या दाराला खिडकी आहे, मागे बसलं की बाहुल्यांचं नाटक सुरू. भिंतीवरच्या फळ्यांवर वाटेल ते रेघोटून पुसता येतं. एक लहानगा खोक्यात बसतो आणि तुमच्याकडे बघून फर्मान सोडतो, "ढकला!" ढकला की. इथे "हात लावू नका" म्हणणारं कुणी नाही.

परत स्वयंपाकघरात या, तिथे काहीतरी झालंय. बाजाराची टोपली घेतलेली एक बाई ओट्याशी उभी आहे. तिलाही ते आवडलंय. ती पुन्हा पुन्हा हात वर करून बरणी घेते आणि हसते. मग तिची मुलगी मदतीला शेजारी येते आणि दोघींची कोपरं आपटतात. बाई मोठ्याने विचारते, "इथे दोघींनी काम कसं करायचं?" प्रदर्शन दाखवणारा मुलगा गप्प होतो.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला या प्रश्नाचं वजन माहीत आहे. तीन वर्षांनी फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की असंच आटोपशीर स्वयंपाकघर बेततील आणि ते सुमारे 10,000 घरांत बसवलं जाईल. पुष्कळांच्या घरी पोचावं ही ग्रोपिउस यांची इच्छा खरी ठरेल. पण तिथेही जागा एकाच माणसापुरती असेल आणि ते माणूस म्हणजे बाई, हे गृहीत धरलेलं असेल.

या घराने एका बाईची पावलं वाचवली, हे फार मोठं काम झालं. ती एकटीच का चालते, हे मात्र विचारायचं राहिलं. किटलीचा कान जसा मनगटाने तपासला, तसाच ओटाही वापरणाऱ्यांनीच तपासायचा आणि चुकला तर बदलायचा. त्या बाईच्या बाजूने तुम्हीही आवाज चढवा. मुलाला सांगा, पुढच्या वेळी ओटा हातभर लांब करा आणि नकाशा पक्का करण्याआधी त्याच्यापुढे दोन माणसं उभी करून बघा. त्यातला एक घरातला पुरुष असू द्या.