डोळ्यातलं फूल

'डोळ्यात फूल पडलं' हे तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलं असेल. नाव गोड, प्रकरण वाईट. बुबुळाला जखम होते, ती भरते आणि मागे पांढुरका वण राहतो. हातावरचा वण चालतो हो, पण बुबुळ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची पारदर्शक काच. तिच्यावर मधोमध वण पडला की दृष्टीच जाते.

यावरचं पहिलं मोठं यश १९०५ चं. अलोइस ग्लोगार नावाच्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांत चुना गेला होता. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका ११ वर्षांच्या मुलाचा, जखमेमुळे काढावा लागलेला डोळा घेतला आणि त्याचं बुबुळ ग्लोगारला बसवलं. एक डोळा वाचला, माणूस पुन्हा कामाला लागला!

आपल्याकडे मृताचे डोळे यासाठी वापरता यावेत म्हणून मुंबई राज्याने १९५७ साली कायदा केला. गंमत म्हणजे त्याच वर्षी लंडनच्या डेव्हिड मॉरिस यांनी बुबुळ पारदर्शक का असतं ते मांडलं: आतले कोलॅजनचे बारीक तंतू नीट, ठरावीक अंतरावर रचलेले असतात म्हणून.

मग वण म्हणजे काय? जखम झाली की टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन पेशींना दुरुस्तीला लावतं आणि त्या घाईघाईत वेडेवाकडे तंतू विणतात. आपल्या भाषेत, रात्री दोन वाजता मारलेला पॅच. सिस्टिम चालू, कोडची वाट!

हे थेंब टाकून थांबवावं, तर अश्रू औषध काही मिनिटांत धुऊन नेतात. साधारण ५ टक्क्यांहूनही कमी आत पोचतं. इथे नॅनोकण कामाला येतात. २०१३ मध्ये मिसूरी विद्यापीठातल्या राजीव मोहन यांच्या गटाने सोन्याच्या नॅनोकणांवरून बीएमपी-७ हे वण रोखणारं जनुक सशांच्या बुबुळात पोचवलं. फक्त ५ मिनिटं लावलं, आणि लेझरच्या जखमेनंतरचा पांढुरकेपणा बराच कमी झाला. अर्थात, ससे ते माणूस हा रस्ता लांबचा आहे.

तरी मला हे महत्त्वाचं वाटतं. आमच्या आचोळ्याहून वसई पूर्वेच्या गाळ्यांकडे गेलं की गॉगलशिवाय ग्राइंडर चालवणारी पोरं दिसतात. त्यांच्यासाठी आजचा उपाय अजूनही झिर्मचाच, म्हणजे कुणीतरी जावं आणि घरच्यांनी हो म्हणावं. वण पडूच दिला नाही, तर ही वाट बघणंच टळेल.

तोवर काय? डोळ्यात चुना गेला तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, मग डॉक्टर गाठा. आणि नेत्रदानाचं घरी आजच बोलून ठेवा.